जानकी आणि लोखंडी टेबलफॅन

गिरणीच्या संपानंतर धोंडूला मुलुंडच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली, ती पांढऱ्या उंदरांची उस्तवार करायची. भांडुपच्या चाळीत लोक हसले. हसेनात का, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पगार वेळेवर व्हायचा.

काम सोपं, पण बघवत नसे. पेटीला दोन खण, एक उजेडाचा, एक अंधाराचा. उंदीर अंधारात शिरला की पायाला विजेचा चटका. दुसऱ्या दिवशी शहाणा उंदीर दारातच थबकतो. औषध टोचलेला मात्र कालचं विसरून सरळ आत. त्या वेळी धोंडूने हूं की चूं करायचं नाही, नुसतं बघायचं, हा तिथला नियम. मग प्रयोग करणाऱ्या मृणालिनीबाई त्या उंदरांचे मेंदू काढून आतली प्रथिनं बदलली का ते तपासायच्या.

एकदा बाईंच्या टेबलावरच्या त्या औषधाच्या बाटलीचं नाव त्याने वाचलं. हेच नाव त्याच्या घरी, बायकोच्या गोळ्यांवर. गिरणी बंद पडल्यापासून जानकीला झोप लागेना, म्हणून नाक्यावरच्या डॉक्टरने दिलेल्या. बिचारी रोज घेत होती. आणि हल्ली आमटीत दोनदा मीठ पडायचं, शेजारणीला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची.

"बाई, औषध थांबवलं तर उंदराला परत आठवतं का हो?" त्याने विचारलं.

"काय माहीत? त्याच्या आधीच आपण मेंदू काढतो ना," बाई सहज म्हणाल्या.

धोंडूची पार तंतरली. विचारावं तरी कुणाला, आणि उत्तर वाईट आलं तर?

अशात घरचा लोखंडी टेबलफॅन शॉक मारू लागला. जानकीला चांगलाच झटका बसला. "उद्या वायरमन आणतो, तोवर हात लावू नकोस," धोंडूने बजावलं. पिन काढायला त्याचा हात गेला, आणि मेल्याच्या मनात पाप आलं. पिन तशीच राहू दिली. उद्या तिला हा झटका आठवतो का, फक्त बघायचं. तिचा हात पुढे गेलाच तर ओरडायचं, एवढं तर जमेल!

सकाळी केर काढत जानकी फॅनपाशी आली. हात पुढे केला, जरा थांबली. आठव गं बाई, आठव. धोंडूने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. उंदरांपुढे गप्प राहायची सवय हाडात मुरली होती.

तिचा हात फॅनला लागला आणि ती भिंतीवर आदळली. हात चिकटला नाही, ही देवाचीच कृपा. सावरून बसली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही बघत होतात. मग गप का राहिलात?"

त्याच दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने गोळ्या हळूहळू कमी करत सोडवल्या, आणि जानकीला पुष्कळसं आठवू लागलं. तिच्यासाठी बोललेला नवस धोंडूने फेडला. पण घरातलं कुठलंही बटण दाबायच्या आधी ती थबकते, वळून नवऱ्याचं तोंड बघते, आणि तो "दाब" म्हणेपर्यंत हात पुढे करत नाही.