नो कॅप म्हणजे टोपी नाही

माझी धाकटी बहीण सोनी एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वारली आणि दुपारी दीडला फिजिक्सचा पेपर देऊन परत आली. मधल्या तीन तासांना जबाबदार मी.

कवठे येमाईच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.ए., तेही इंग्रजी घेऊन! आई-आप्पांनी झेंडूचे क्रेट वाहून मला शिकवलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणून खताच्या पोत्यापासून खोकल्याच्या बाटलीपर्यंत घरात येणारं सगळं इंग्रजी मीच वाचून दाखवतो. भिंतीवर माझा फोटो आहे. काळा झगा, चौकोनी टोपी. (दोन्ही शिरूरच्या स्टुडिओतली, भाड्याची.) त्या फोटोच्या आणि माझ्या शब्दाच्या भरवशावर आप्पांनी सोनीला अकरावी सायन्सला दौंडला ठेवलं होतं, रेल्वे कॉलनीत मावशीकडे. अट एकच: "काय बी वाकडं झालं, की पोरगी घरी."

तर त्या मंगळवारी घरच्या ग्रुपवर सोनीचा मेसेज आला. 'आय ॲम कुक्ड एफ आर नो कॅप.' आणि शेवटी एक कवटी!

आप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. "ही कवटी कशापायी काढलीय? विजेच्या डीपीवर आसती तसली?"

"घाबरू नका, आप्पा," मी म्हणालो आणि सगळ्यांना घाबरवायला सुरुवात केली. "कुक्ड म्हणजे शिजवलेलं. मी शिजले, असं लिहिलंय."

"आगं बया!" आई ओसरीवरच बसली.

"शिजली म्हंजी?"

"म्हणजे... भाजली असेल."

"आन् एफ आर?"

"एफआयआर. घाईत आय राहिला."

"पोलीस बी आलं?"

"आणि नो कॅप म्हणजे टोपी नाही." मी जरा विचार केला. सगळं जुळत होतं! "सिलिंडरची टोपी, आप्पा! टोपी नव्हती, गॅस गळला, सोनी भाजली, गुन्हा दाखल झाला!"

(कवटीचा अर्थ मी सांगितला नाही. कवटीला भाषा लागत नाही.)

आई डोळे पुसत म्हणाली, "आरं, टोपी न्हाई म्हंजी टोपी घालत न्हाई, आसं नसंल का? खरं सांगतीय, आसं?"

"आई, हे इंग्रजी आहे!"

सोनीचा फोन बंद. मावशी उचलेना. शेजारचे दत्तूतात्या पिकअप घेऊन मार्केटला निघाले होते. त्यांना हात जोडले आणि गाडी दौंडकडे वळवली. पुढे चौघं, मी अर्धा गिअरवर, मागे झेंडूचे क्रेट. वाटेत न्हावऱ्याजवळ आईने मागच्या काचेतून पाहिलं आणि हंबरडा फोडला, "ती फुलं उतरवा आधी!"

"वैनी, ती मार्केटची हायती," तात्या रडवेले झाले.

आप्पा समोर बघत म्हणाले, "तिला दप्तरासकट घेऊन यायचं. बास झालं शिक्षण." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मावशीच्या दाराला कुलूप. आणि दाराशेजारी एक सिलिंडर. टोपी नसलेला!

"बघा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझं इंग्रजी बरोबर निघालं होतं आणि मला रडू येत होतं.

आईचा आवाज ऐकून अख्खी कॉलनी गोळा झाली. बायकांनी झेंडू पाहिला आणि डोक्यावर पदर घेतले. तेवढ्यात गिरणीवरून मावशी आली. पिठाचा डबा खाली ठेवून तीही गळ्यात पडून रडू लागली आणि मग हळूच विचारलं, "आक्के, पर गेलं कोण?"

उत्तर द्यायच्या आत गर्दीतून सोनी घुसली. पाठीवर दप्तर, हातात पॅड, चेहरा पांढराफटक. "आई! कोण गेलं?"

"तू!" आप्पा ओरडले.

मग उलगडा झाला. पेपर अकराला. अभ्यास झाला नव्हता. कुक्ड म्हणजे वाट लागली. एफ आर म्हणजे खरोखर. मैत्रिणीला पाठवायचा मेसेज चुकून घरच्या ग्रुपवर पडला आणि हिने फोन बंद करून पेपर गाठला. सिलिंडर रिकामा होता, बदलायला बाहेर ठेवलेला.

"आन् नो कॅप?" आईने विचारलं.

"म्हंजी टोपी घालत न्हाई. खरं बोलतीय."

आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता सोनीने आप्पांचा हात धरला. "आप्पा, मला नेऊ नका. पेपर वाईटच गेलाय. पर पुढच्याला भरून काढते."

आप्पांनी डोळे पुसले. "वाईट गेला म्हणून सवताच्या तोंडानं सांगती. ह्यो तुझा दादा, कवाबी इचारा, 'पेपर मस्त गेला' म्हणायचा. ऱ्हा तू हितंच."

घरी आल्यावर आप्पा भिंतीवरच्या माझ्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, "बघ गं, ह्यात मातुर टोपी हाय."