निरोपांचा सांगाडा

अजून बांधलाही न गेलेल्या महासंगणकावर हवामानाचं एखादं गणित किती वेगानं चालेल, हे आधीच सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मग आपण लिफ्टचंही भविष्य सांगा. ती निदान बांधून तरी झालीय." कामाशिवाय माझ्याशी समोरासमोर कुणी बोललेलं त्या महिन्यातलं ते बहुधा शेवटचं वाक्य.

महासंगणकात हजारो प्रोसेसर एकमेकांना सतत निरोप धाडतात आणि बराच वेळ निरोपाची वाट बघण्यातच जातो. ती वाट मोजायला आम्ही मूळ प्रोग्रामचा सांगाडा करतो. पाऊस, वारा, सगळं विज्ञान काढून टाकायचं. निरोप तेवढे ठेवायचे, तितकेच लांब, त्याच क्रमानं. आत नुसती शून्यं. नेटवर्कला काही फरक पडत नाही.

आई गेल्यावर बाबा वाशीमला एकटे, मी पुण्यात एकटी. पूर्वी फोन आईच घ्यायची. आता रोज संध्याकाळी मी बाबांना जेवण, गोळी, दार याच क्रमानं विचारायचे. "जेवलो. वांग्याची भाजी होती." "घेतली." "लावलं." शेवटी, "जिवाला जप." मला राग यायचा. या माणसाला माझ्याशी बोलायचंच नाही, असं वाटायचं.

एका रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघाला नव्हता. मंडईतून मेथीची जुडी आणली, तीही बोट दाखवून. संध्याकाळी फोन लागताच मी म्हणाले, "बाबा, मला इथे फार एकटं वाटतं. मी घरी येऊ का?"

"जेवलो," बाबा म्हणाले. "वांग्याची भाजी होती."

मी चिडून ओरडले, "बाबा, ऐकू येतंय ना?"

"घेतली."

मग माझ्या लक्षात आलं. बाबांना ऐकू येत नव्हतं, कधीपासून कोण जाणे. माझ्या आवाजाची नुसती गुणगुण पोचत असावी. ती थांबली की ते पुढचं उत्तर द्यायचे. माझे प्रश्न त्यांनी क्रमानं पाठ केले होते आणि मला कळू नये म्हणून एकही फोन चुकवला नव्हता. मी मात्र ते बोलणं रिकामं समजत होते.

"दार लावलं का?" मी कसंबसं विचारलं.

"लावलं," ते म्हणाले. "जिवाला जप."

येऊ का, हे मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वाशीमची गाडी पकडली.