तीन मुलींचा बाप

“मैं लड़की का बाप बोल रहा हूँ.”

तो माझा बाप नव्हता.

वॉर्डनने रिसीव्हर कानापासून लांब धरला. “सुबह से तीसरी लड़की का बाप है तू. आवाज एकीच!”

नव्वदचं दशक. आंध्रातल्या निर्मल गावचं मुलींचं वसतिगृह. वडिलांचा फोन आल्याशिवाय मुलीला सोडायचं नाही, असा नियम.

फोनवर होते आमच्या बोथ गावचे एसटीडी बूथवाले रामेश्वरकाका.

आमच्या बापांना फोनची धास्ती. वर हिंदीत बोलायचं. ते काकांना म्हणायचे, तूच बोल. मग काका त्यांच्या वतीने नाही, थेट तेच होऊन बोलायचे.

एरवी खपून जायचं. पण पोळा तोंडावर आला होता, आणि सगळ्यांनाच मुली घरी हव्या होत्या.

माझं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी आदिलाबादला आईचं ऑपरेशन होतं. मला न्यायला मामा फाटकाशी उभा होता.

मी हे सांगितलं, तर वॉर्डनला तीही थापच वाटली. “रखती मैं.”

“रुको मॅडम!” काका ओरडले. मग तिकडचं सगळं ऐकू आलं.

“दादा, मी बोललो अन् पोरगी अडकली. आता तुमी बोला.”

“मले नाई जमत बाप्पा. तूच बोल ना.”

“बापाचा आवाज मी कुठून आणू? धरा!”

वॉर्डनने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

बाबा या शेतातून त्या शेतात हाक मारावी तसे ओरडले, “बाई! जेवली काय?”

“जेवली,” मी म्हटलं.

“माय तुले पाहीन म्हणते. ये.”

वॉर्डन माझ्याकडे बघत होती. तिने फोन परत घेतला, काकांना फोनवर बोलावलं.

“पहले अपना नाम बोलना. बाद में जिसका काम है उसका.”

“जी मॅडम. गलती हुई.”

काकांनी मग, सकाळी ज्यांच्यासाठी फोन केला होता त्या दोघींच्या बापांना बाजारातून शोधून आणलं आणि एकेकाला बोलायला लावलं. त्याही घरी गेल्या.

पुढे बूथ बंद होईपर्यंत ते आधी स्वतःचं नाव सांगत. मग म्हणत, “हे बाजूलाच उभे हायेत, इचारा.”

काल काका गेले.

काका, त्या दिवशी तुम्ही फोन ठेवू दिला नाहीत. आयुष्यभर पुरलं मला ते. शांतपणे जा.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आदिलाबादच्या दवाखान्यात, आईने पडल्यापडल्या माझी वेणी सोडून पुन्हा घातली. मग तिला ऑपरेशनसाठी आत नेलं. ती परत आली नाही.