नवसाबाहेरची बाई

कमळ होडीतच वाढली म्हणा ना. माहेर गोराईचं. बाप तिला टोपलीत घालून खाडीत न्यायचा, आणि हाताला बळ आलं तशी तीच वल्हं मारायला लागली. भावांना होडी लागायची, ओकाऱ्या व्हायच्या. ही मात्र नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, पाय सोडून बसायची आणि बापाला पाण्याचा रंग सांगायची. अशी पोर सतराव्या वर्षी मुलुंडच्या कोळीवाड्यात चंदरला दिली आणि तिचं होडीत बसणं संपलं.

कसं संपलं तेही तिला लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला कळलं. होडी रंगवलेली, नाळेला झेंडूची माळ. कमळने नारळ हातात घेऊन सवयीने एक पाय उचलला, तर सासूने, सोनूबाईने, कोपराला धरून तिला अशी मागे ओढली की नारळ चिखलात पडला. चंदरची आजी होडीतून पडून गेली होती. आजोबाने तेव्हा एकवीरेला नवस बोलला होता, की या घरची बाई पुन्हा होडीत पाय ठेवणार नाही, बाकीच्यांना आई तू सांभाळ. वाड्यात दुसऱ्या घरांत असं काही नव्हतं. या एका घरात होतं, आणि देवीने आपला शब्द पाळला होता. त्यानंतर घरातलं माणूस खाडीने नेलं नव्हतं. मग आपण आपला शब्द मोडायचा कसा? कमळ देवभोळी नव्हती, पण देवाला मानणारी होती. तिने नारळ धुतला, चंदरच्या हातात दिला आणि काठावरून हात जोडले. पुढे दरवर्षी तसंच.

तिला जळायला काही कारणच नव्हतं. जाळी शिवायची, चिखलात उतरून खुब्यांचे शिंपले काढायचे, चंदरने आणलेली कोळंबी, बोय, चिंबोऱ्या टोपलीत घालून पश्चिमेच्या बिल्डिंगांचे जिने चढायचे. चंदर बोलायला बेताचा. जेवताना मीठ मागितलं तरी वाटावं, आज बोलला. कमळला वाटायचं, कोळ्याची जात पाण्यावर बोलून घेत असेल, घरी उरत नसेल. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही, तोवर नाही.

चौऱ्याऐंशी सालच्या आसपास खाडीच्या मासळीला रॉकेलचा वास यायला लागला. कारखान्यांचं पाणी कुठून कुठे यायचं देव जाणे. गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून दार लोटायची. तिसऱ्या मजल्यावरची सुलक्षणाबाई तेवढी घ्यायची. ही शाळेत जीवशास्त्र शिकवायची. चाळिशीची, बिनलग्नाची, बोलायला मोकळी. एकदा तिने मासळी निवडता निवडता विचारलं, पावसाळा संपला की खाडीत लांबून पक्षी येतात, आम्ही काही जण बघायला जातो, पण मिठागरांच्या बांधावरून नीट दिसत नाहीत. तुमचे मालक रविवारी होडीतून नेतील का? कमळला अभिमानच वाटला. नेतील की, ती म्हणाली, त्यांच्याएवढी खाडी कुणाला माहीत नाही.

म्हणजे काटा तिनेच आणून आपल्या पायाखाली ठेवला.

पहिल्या रविवारी चार माणसं आली, तीन पुरुष आणि सुलक्षणाबाई. पुरुष आडव्या फळ्यांवर बसले. सुलक्षणाबाईंनी गळ्यातली दुर्बीण सावरली, कॅनव्हासचे बूट काढून हातात घेतले आणि सरळ नाळेवर जाऊन बसल्या. पाय सोडून. कमळ बांधावर उभी होती. ते बघणं तिला बोयच्या काट्यासारखं लागलं. मरत नाही माणूस, पण गिळताना दर वेळी कळतं.

रात्री तिने चंदरला विचारलं, नवसाचं काय? त्याने भात कालवत सांगितलं, नवस घरच्या बाईचा आहे, ती पॅसेंजर. सोनूबाईंचंही तेच. उलट म्हातारी म्हणाली, चार पैसे येतात तर तुझ्या का पोटात दुखतं गं?

दसऱ्यापर्यंत चंदरचं नवीनच सुरू झालं. रविवारी पहाटे डोक्यावरून आंघोळ. नाळेवर धुतलेलं गोणपाट, दुमडून. आणि जेवताना बोलणं. हे पाखरू बर्फाच्या मुलखातून येतं म्हणे. त्या पाखराची चोच खालीच वाकलेली असते, चिखलात खोल जायला. दुर्बिणीतून बघितलं तर त्याच्या डोळ्याची कड दिसते. कमळ भाकरी थापत ऐकायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझ्या डोळ्याची कड बघितलीस का कधी, असं तिच्या ओठांवर यायचं आणि ती भाकरीच जोरात थापायची. वाड्यातल्या बाया नळावर विचारायच्या, काय गं, तुझ्या नवऱ्याची मडम आली नाही वाटतं आज? कमळ हसून म्हणायची, येईल की, तुला बसायचंय का तिच्या मांडीवर? आणि घरी येऊन हंडा असा आदळायची की सोनूबाई दचकून उठायची.

मंगळवारी ती वाड्यातल्या देवळात दिवा लावायची. तिथेही तिने एकदा मनातल्या मनात देवीला विचारलं, की नवस घेताना तू सगळ्याच बायांचा का नाही घेतलास?

कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. रविवारी अष्टमी, भांगाचं पाणी. भरती कमी आणि तीही पहाटेच. चंदरने शनिवारी निरोप दिला, बाईंना सांग, सहाला या, नऊनंतर खाडीत पाणी राहणार नाही. कमळ टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. सुलक्षणाबाईंनी पाणी दिलं, मूठभर कोळंबी घेतली आणि म्हणाल्या, "बाकीचे उद्या बोरिवलीच्या जंगलात चाललेत, मी एकटीच येईन. चंदरभाऊ किती छान बोलतात हो. ऐकत राहावंसं वाटतं. तुमची घरी मजा असेल."

कमळने टोपली डोक्यावर घेतली. चुंबळ नीट बसवली.

"नऊला या," ती म्हणाली.

जिना उतरताना तिला आत कुठे तरी थंड वाटत होतं. हिशेब सरळ होता. बाई नऊला येणार, चंदर म्हणणार आता पाणी नाही, बाई हात हलवत परत जाणार. असं दोनतीनदा झालं की शिकलेली बाई कंटाळेल. तिला खाडी ती काय एकच आहे?

रविवारी चंदर सहाला बंदरावर जाऊन उभा राहिला. तासाने घरी आला, चहा प्यायला, कमळकडे एकदा बघितलं आणि पुन्हा गेला. कमळ खाली मान घालून जाळं शिवत होती. नऊला सुलक्षणाबाई आल्या. कमळ बांधाच्या आडून बघत होती. दोघांचं काही बोलणं झालं. चंदरने पाण्याकडे बघितलं. ते काठच्या तिवराच्या झाडांच्या मुळांवरून भराभरा उतरत होतं, आंधळ्यालाही कळावं असं. मग त्याने होडी लोटली. बाई नाळेवर बसल्या.

कमळच्या अंगाचा असा तिळपापड झाला की तिला बांधावरच बसावं लागलं. खाडीवर जन्म काढलेला माणूस. अडकणार हे त्याला ठाऊक. तरी गेला. तिला नाही म्हणवलं नाही त्याला. बापाच्या तेराव्याला गोराईला चल म्हटलं तेव्हा, पाणी जाईल, म्हणाला होता हाच.

दोन तासांनी लहू, चंदरचा चुलतभाऊ, दारात येऊन उभा राहिला. त्याचं तोंड आधीच हसत होतं.

"वहिनी, नवरा चिखलात बसलाय तुझा. मास्तरीण पन हाय. वरात म्हणू का काय म्हणू? वाजंत्री तेवढी नाय."

"तू जा ना मग वाजवाला," कमळ म्हणाली. "तोंड हायच तुजा ढोलासारखा."

सोनूबाई आतून म्हणाली, ऊन डोक्यावर आलंय, पाणी तरी ने त्यांना. कमळला तेवढंच हवं होतं. तिने कळशी भरली, भाकरी आणि सुका जवळा फडक्यात बांधला, लुगड्याचा काष्टा वर ओढला आणि मिठागराच्या बांधावरून तिवरांत उतरली.

खाडीच्या चिखलात थांबलं की माणूस जातं. टाच टेकवायची नाही, एक पाय रुतायच्या आत दुसरा काढायचा. कमळ मांडीएवढ्या चिखलातून जात होती, डोक्यावर कळशी, आणि वाटेतली पाखरं उठून पुढे जाऊन बसत होती. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. होडी दिसायच्या आधी तिला चंदरचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, मोकळं. हे हसणं तिने पूर्वी ऐकलं होतं की नाही, तिला आठवेना.

ती दिसली तसं हसणं थांबलं.

होडी एका बाजूला कलून बसली होती. चंदर मागच्या टोकाला, सुलक्षणाबाई नाळेवर, मध्ये सगळी होडी रिकामी. एवढं कमळने आधी बघून घेतलं. बाईंचं तोंड उन्हाने लाल झालं होतं. त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "किती त्रास झाला तुम्हाला. पण कमळताई, तुम्ही मला नऊच म्हणाला होतात ना? बरंच आधी यायला हवं होतं असं वाटतंय आता. घोटाळा कुठे झाला?"

कमळने भाकरीचं फडकं सोडायला घेतलं. तिने चंदरकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

"मीच नऊ सांगितलेले," चंदर म्हणाला. "माझी चूक झाली बाई. तिथी चुकली."

कोळ्याची तिथी चुकली! सुलक्षणाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, होतं असं कधी कधी, आणि वाकून त्यांनी कमळपुढे हात केला. "वर या ना. चिखलात काय उभ्या राहिलात."

कमळने होडीची कड धरली होती. पंधरा वर्षांत तिने ती भर खाडीत अशी धरली नव्हती. हात देणारीचा हात गोरा, मऊ, खडूच्या वासाचा असेल असं तिला उगाच वाटलं. तिने एकदा चंदरकडे बघितलं. तो नजर खाली घालून वल्ह्याचा दोर चाचपत होता. 

"मला नाही चालत," कमळने कड सोडली. "या घरच्या बाईने होडीत बसायचं नाही, असा देवीला नवस आहे."

"मग मी कशी बसते?"

"तुम्ही या घरच्या नाही ना."

हे बोलताना कमळला जे वाटलं, ते तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. पण गोड वाटलं. नवस म्हणजे आजवर तिला कुंपण वाटायचं. आज पहिल्यांदाच तिने बघितलं, की कुंपणाच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण. सुलक्षणाबाईंनी हात हळूच मागे घेतला. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

पाणी आता फिरणार होतं. कमळने रिकामी कळशी घेतली आणि निघाली. दहा पावलं गेली नसेल, तर मागे धप्पकन आवाज झाला. चंदर चिखलात उतरला होता. बाईंना म्हणाला, होडीतून खाली पाय टाकू नका, होडी हलायची नाही, हिला बांधापर्यंत सोडून येतो.

आली तशी जाईन की, कमळ म्हणाली. जाशील, चंदर म्हणाला आणि तिच्या हातातली कळशी घेऊन पुढे झाला.

नवऱ्याबरोबर चिखलातून चालायची तिला सवय नव्हती. त्याचं पाऊल लांब, तिचं आखूड. दोघं पाय उपसत निघाले. शेवटी तिलाच धीर धरवेना.

"तुला ठाव होता पाणी जाणार. मग गेलास कशाला तिला घेऊन?"

चंदरने मागे वळून बघितलं नाही.

"तिला परत धाडली असती, तर ती विचारत बसली असती, नऊ कोण म्हणाला. वाड्यात सगळ्यांपुढे. तुझा खोटा उघडा पडला असता."

कमळचा पाय रुतला. त्याने हात मागे केला, तिने धरला, पाय निघाला. निघाल्यावरही तिने सोडला नाही आणि त्याने सोडवला नाही. एवढं बोलल्यावर त्याला जणू दम लागला होता.

पण जळणं असं एका वाक्याने विझत नाही. तिने मान वळवून बघितलं. सुलक्षणाबाई नाळेवर एकट्या बसल्या होत्या, पाय वर घेऊन. माणसं गेली तशी पाखरं होडीला खेटून उतरत होती. ती जागा, ते पाणी यायची वाट बघणं, सगळं त्या बाईचं होतं आणि कमळचं कधी होणार नव्हतं. नवस होता, आणि तो कमळ मोडणार नव्हती.

त्यांच्या पुढ्यातून एक मोठं, वाकड्या चोचीचं पाखरू ओरडत उठलं. चंदर थांबला.

"कोरल," तो म्हणाला.

"हे तिनेच शिकवलं."

"हां."

"आपल्यात त्याला काय म्हणतात, ते तिला सांगितलंस?"

चंदरने जरा आठवून बघितलं. "तिने विचारलाच नाय."

"विचारलं तरी सांगू नको," कमळ म्हणाली, आणि त्याचा हात धरून पुढचं पाऊल टाकलं.