धनमती लघाटेंची झंडी

इंदूरच्या सुदामा नगरात आमच्या गल्लीचा पत्ता सांगताना "झंडीवाल्या घरापासून डावीकडे" असं सांगायची पद्धत होती. त्या घराच्या अंगणात, फाटकाच्या कोपऱ्यात, बांबू रोवलेले असत आणि प्रत्येकाच्या टोकाला त्रिकोणी कापड. काही लाल, काही पिवळी, तर काहींचा रंग उन्हाने पार उडालेला. घर धनमती लघाटे यांचं. मी आणि माझी पत्नी नीरजा त्यांचे शेजारी. मधे फक्त एक भिंत.

धनमतीबाई मूळच्या त्रिनिदादच्या. वेस्ट इंडीजमधलं हे बेट आपल्याला क्रिकेटमुळे ऐकून माहीत असतं, त्यापुढे नाही. तिथली गुलामी बंद झाली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, आणि कलकत्त्याहून जहाजं भरभरून माणसं नेली गेली. बाईंचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातून असेच पाच वर्षांच्या करारावर गेले. करार संपल्यावर तिथेच राहिले. दोन-तीन पिढ्यांत घरातली बोली जाऊन इंग्रजी आली. पूजा मात्र राहिली, लग्नातले ताशे राहिले, आणि झंडी राहिली.

झंडीची रीत अशी. घरात हनुमानाची किंवा देवीची पूजा झाली की ताजा हिरवा बांबू अंगणात रोवून त्यावर निशाण चढवायचं. घरच्या एकाने बांबू धरायचा, दुसऱ्याने माती दाबायची. एकदा लावलेली झंडी कोणी काढत नाही. ऊन, पाऊस, वारा जे करील ते करील. पुढच्या पूजेची नवी झंडी जुनीच्या शेजारी लागते. त्यामुळे तिथल्या घराच्या अंगणाकडे पाहिलं की त्या घराने किती सुखदुःखं पाहिली त्याचा अंदाज येतो, असं बाई सांगत.

बाईंचे पती अच्युतराव लघाटे जुनी इंदूर भागातले. साखर कारखान्यातले रसायनतज्ज्ञ म्हणून तरुणपणी त्रिनिदादला गेले. पहिल्या दिवशी बसमधून जाताना त्यांना प्रत्येक अंगणात निशाणं दिसली. प्रत्येक निशाण म्हणजे एक देऊळ, असं त्यांना वाटलं. इतकी देवळं असलेला देश त्यांनी पाहिला नव्हता. ते बसमध्ये बसून दर घराला नमस्कार करत राहिले. शेजारच्या बाकावरची मुलगी तोंड दाबून हसत होती. तीच धनमती. हा किस्सा अच्युतराव दर दिवाळीला सांगत आणि बाई दर वेळी म्हणत, "बाकावर नाही, मी उभी होती. याने जागा पण नाही दिली."

तिकडचा कारखाना बंद पडल्यावर दोघं इंदूरला आली. मूलबाळ नव्हतं. बाईंनी मराठी शिकून घेतली. ती अर्धी हिंदी, मधेच इंग्रजी, पण इंदूरमध्ये त्याचं कोणाला काही वाटत नाही. एक शब्द मात्र त्यांना शिकावा लागला नाही. त्यांच्याकडेही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. गल्लीतली पोरं पहिल्यांदा "झंडीवाली आजी" म्हणाली तेव्हा त्या घरात जाऊन बराच वेळ बसून राहिल्या, असं अच्युतराव सांगत.

शेवटची झंडी दोघांनी मिळून लावली. अच्युतरावांनी बांबू धरला, बाईंनी माती दाबली. त्यानंतर महिन्याभरात ते हृदयविकाराने गेले.

तेव्हापासून बाईंचा धाकटा भाऊ त्रिनिदादहून संध्याकाळी फोन करायचा. तिकडे सकाळ असायची. "दीदी, परत ये. खोली तयार आहे." बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांनी ते आम्हालाही सांगितलं होतं: "अच्युतने धरलेली झंडी उभी आहे तोवर मी इथे. ती आपल्या आपण पडली, की मी जाईन."

तो बांबू काळा पडला, चिरला, वरच्या कापडाच्या फक्त दोन चिंध्या राहिल्या. तरी तो उभा होता. सकाळी फाटक उघडताना बाई त्याला हात लावून बघायच्या. बाकी दिवसभर त्या घरातून आवाज म्हणून यायचा नाही. कधीतरी कुकरची शिट्टी, एवढंच.

यंदा बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात असताना गल्लीत सफाईची मोहीम निघाली. मुकुल किबे आमच्या रहिवासी समितीचा सचिव, चाळिशीचा, कामसू, मनाने चांगला. आम्ही दोघं दवाखान्यात होतो त्या दुपारी त्याने बाईंचं अंगण स्वच्छ केलं. आजी घरी येतील तर प्रसन्न वाटावं, एवढाच हेतू. देवाचं निशाण फाटकं ठेवू नये, अपशकुन होतो, हेही त्याच्या मनात होतं.

आम्ही परतलो तेव्हा तो मोठ्या उत्साहाने सांगत होता, "शरदकाका, पूछो मत. कचरागाडीवाल्याशी वादच झाला. तो म्हणे, भिया, ये गीले में जाएगा के सूखे में? मी म्हटलं, अरे भगवान का है, अलग रख! शेवटी जुने बांबू, निशाणं, निर्माल्यात दिलं सगळं. हात जोडून दिलं हां."

कोपऱ्यात सिमेंटमध्ये बसवलेला चकचकीत स्टीलचा पाइप होता आणि त्यावर जरीच्या काठाचा नवा भगवा झेंडा.

"गंजणार नाही, काका. गॅरंटी."

नीरजा घरात निघून गेली. मी मुकुलला सगळं सांगितलं. तो खाली फरशीवरच बसला. "आता आजींना काय सांगू?"

सांगायची वेळ आली नाही. सुट्टी मिळाल्यावर बाई वॉकर धरून गाडीतून उतरल्या आणि फाटकातच थांबल्या. मुकुल पुढे झाला. "आजी, मला माहीत नव्हतं. शप्पथ."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो बहुधा आधारासाठी. "तू चांगलं केलं, बेटा. चांगल्या मनाने केलं." मग पाइपकडे बघून म्हणाल्या, "हा तर मी मेल्यावर पण नाही पडायचा."

दोन-तीन दिवस त्यांनी दार उघडलं नाही. नीरजा खिडकीतून डबा द्यायची, तो धुऊन परत यायचा. मग एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. फोन स्पीकरवर होता. भावाला बातमी कळली होती आणि त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मग आता तर मोकळी झालीस दीदी! तिकीट काढतो." बाईंनी उद्या सांगते म्हणून फोन ठेवला.

"शरदजी, तुम्ही हिशेबाचे माणूस. सांगा. झंडी पडली का?"

"पडली नाही," मी म्हटलं. "काढली."

"मग मी मोकळी नाही."

"वहिनी, तुम्हाला जायचं असेल तर जा. तिथे तुमची माणसं आहेत. इथे कोण आहे?"

त्यांनी फोन बाजूला सारला. "तिथे भाऊ आहे, भावाची मुलं आहेत. पण अच्युतला ओळखणारं तिथे आता कोणी नाही उरलं. भावाला पण तो फोटोतलाच आठवतो. इथे तुम्ही आहात. पाण्याच्या पाइपवरून तुम्ही त्याच्याशी किती भांडले!"

"चूक त्यांचीच होती," मी म्हटलं.

"त्याचीच होती," त्या म्हणाल्या आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या मंगळवारी त्यांनी पूजा घातली. मुकुल स्वतः जाऊन हिरवा बांबू घेऊन आला. देवळातले गुरुजी आधी कुरकुरले. ध्वज शिखरावर लावतात, अंगणात कशाला, म्हणाले. मग तयार झाले. बाईंनी पहाटे उठून शिऱ्यासारखा प्रसाद केला होता. तिकडे झंडीला गाव लोटतं, त्या मापाने मोठं पातेलं भरून. इथे गल्लीतले आठ-दहाजण आले. ऑफिसची वेळ होती. फाटकाशी उभ्याने हातावर प्रसाद घेऊन, "बहुत बढिया, आजी," म्हणून निघून गेले.

गुरुजींनी विचारलं, "बांबू घरचं कोण धरणार?"

मुकुल पुढे आला, मीही आलो. बाईंनी मान हलवली. वॉकर बाजूला सारून त्यांनी एका हाताने बांबू धरला आणि चांगल्या पायाने माती दाबू लागल्या. मला बघवेना, पण मी मधे पडलो नाही. माती नीट बसली नाही. बांबू भिंतीकडे थोडा कलला.

"सरळ करू का?" मुकुल हळूच म्हणाला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

संध्याकाळी भावाचा फोन आला. भिंतीपलीकडून मला बाईंचं एकच वाक्य कळलं: नवी झंडी लावली आहे, आता ती उभी आहे तोवर मी इथे. 

रात्री जेवताना नीरजा म्हणाली, पातेलं अजून निम्मं भरलेलं आहे, वहिनी म्हणतात फ्रिजमध्ये मावत नाही. आम्ही दोन डबे भरून आणले. उरलेला प्रसाद बाई पुढे कितीतरी दिवस नाश्त्याला गरम करून खात होत्या. सकाळी त्यांच्या खिडकीतून तुपाचा वास यायचा.