युगांडाहून आलेला उकंडा

मोहखेडीत उकंडा पाईकरावला ओळखत नाही असा माणूस निघेल, पण त्याचा आवाज ऐकला नाही असा निघायचा नाही. ढाणकीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. तिथं काहीही घडलं, की आधी ते उकंडाच्या ऑटोच्या टपावरल्या दोन भोंग्यांतून बाहेर पडायचं. शेळी हरवली, लाईट जाणार आहे, कोणाचं मयत झालं, चौदा एप्रिलची मिरवणूक कुठून निघणार, सगळं तोच पुकारायचा. नाकाडोळ्यानं साधा, शरीरानं काटकुळा, पण माईक हातात आला की असा काही भारदस्त व्हायचा की बाहेरगावच्या माणसाला वाटावं, आत कोणी मंत्रीच बसला आहे.

नावाची गोष्ट तो स्वतःच सांगायचा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून हा जन्मला तसा आजीनं त्याला उचलून उकिरड्यावर नेऊन ठेवला. शेजारणीनं पसाभर ज्वारी देऊन त्याला विकत घेतला आणि परत आईच्या कुशीत आणून दिला. टाकाऊ पोर आहे, हे नेऊन काय करायचं, असं मरणाला वाटावं म्हणून नावही उकिरड्यावरूनच उकंडा ठेवलं. पोर जगलं, आणि पाचव्या दिवशी असं रडलं म्हणे, की शेजारणीला ज्वारी दिल्याचा पस्तावा झाला.

घरी तो बायकोला, तुळसाबाईला, "पाणी दे वं" म्हणायचा. माईकवर मात्र त्याचं तोंड पुस्तकासारखं व्हायचं. "तमाम नागरिक बंधू-भगिनींना विनम्र आवाहन करण्यात येते की" इथून सुरुवात. तुळसाबाई म्हणायची, या माणसानं माह्याशी कधी विनम्र आवाहन केलं नाही.

मग कोरोना आला आणि उकंडाच्या धंद्याला बरकत आली. एरवी आठवड्यातून एखादी फेरी असायची, आता रोज दोन-तीन. दुकानं बंद ठेवा, तोंडाला मास्क लावा, लग्नाला पन्नासच माणसं बोलवा. ग्रामसेवक चिठ्ठी लिहून द्यायचा आणि उकंडा ती रंगवून सांगायचा. पण याचा एक त्रास झाला. लोकांनी सरकार काही पाहिलं नव्हतं. नियम त्यांना उकंडाच्या तोंडून कळत होते, म्हणून नियम उकंडाचेच, असं गावानं धरून टाकलं. बायका दारातून विचारायच्या, काहून बंद केला रे बाजार? तांड्यावरचा भावसिंग तर त्याचा लंगोटीयार. चौथीपर्यंत दोघं एका तरटपट्टीवर बसलेले. घरी लग्न निघालं, तसा तोही एक दिवस ऑटोपुढे आडवा झाला.

"पन्नास माणसं म्हणतं तू. माह्ये साळेच तेवढे हायेत. नवरीले कुठी बसवू मंग?"

उकंडानं त्याला सांगितलं की हे वरून आलेलं आहे. भावसिंगनं ऑटोच्या टपाकडे पाहिलं आणि म्हणाला, वर तं तुह्ये भोंगेच दिसून राह्यले.

लस आली तेव्हा गाव आणखीच बिथरलं. लस घेतली की ताप येतो, कोणी म्हणे पाय लुळे पडतात, कोणी म्हणे सुई मोडून आत राहते. शाळेत शिबिर ठेवलं, तर नर्सबाई खुर्चीवर बसून माश्या हाकलत होत्या. गावची आशा ताई संगीता घरोघरी फिरून थकली. शेवटी तिनंच युक्ती काढली. उकंडाकाकांनी सगळ्यांत आधी लस घ्यावी आणि घेता घेताच माईकवर सांगावं की काही होत नाही. गावाचा या आवाजावर भरवसा आहे.

उकंडा तयार झाला. ऑटो शाळेच्या अंगणात उभा केला, वायर खिडकीतून आत घेतली आणि बाही वर करून बसला. बाहेर बरीच माणसं जमली होती. "नागरिक बंधू-भगिनींनो, मी स्वतः या ठिकाणी लस घेत आहे. घाबरण्याचे कोणतेही कारण नाही. नर्सबाई आता सुई..." आणि पुढचा शब्द होता "माय वं". तो दोन्ही भोंग्यांतून असा काही निघाला, की नाल्यापलीकडच्या तांड्यावरच्या कोंबड्या उडाल्या. पाहता पाहता अंगण रिकामं झालं आणि आत नर्सबाई, संगीता, पंचायतीचा शिपाई आणि नोंदी करणारा पोरगा एवढीच माणसं उरली. उकंडानं नंतर पुष्कळ समजावलं की दुखलं नव्हतं, दचकलो होतो. पण ते त्यानं माईक बंद केल्यावर समजावलं.

लस घेतल्यावर त्याची नोंद मोबाईलवर करायला तो पोरगा बसला होता. त्यानं नाव विचारलं. उकंडानं सांगितलं. असं नाव असते का, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. उकंडानं पुन्हा सांगितलं. पोरानं इंग्रजीत बरोबर लिहिलं असणार, पण मोबाईलला ते नाव ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या मनानं जवळचा शब्द घालून दिला. उकंडाचा फोन तेव्हा बिघडला होता, म्हणून नंबर तुळसाबाईचा दिला. दुसरा डोसही त्याच नंबरावर झाला आणि सर्टिफिकेट आलं. ढाणकीला जाऊन उकंडानं त्याची रंगीत प्रिंट काढली, प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आणि ऑटोच्या पुढच्या काचेला लावली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण फोटो आणि हिरवा रंग फार देखणा वाटला.

त्याच वर्षाच्या शेवटी वरून हुकूम आला. सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही, आठवडी बाजारात पाऊल टाकायचं नाही. उकंडानं तो पुकारला आणि गाव त्याच्यावर पुन्हा उखडलं. तांदूळ घ्यायला दंडात सुई कशाला, असा भावसिंगच्या बायकोचा, सुखीबाईचा सवाल होता. एकीनं विचारलं, म्हशीच्या ढेपेसाठी सर्टिफिकेट माणसाचं लागेल की म्हशीचं? भावसिंगनं तर बाजारच सोडला. घरी पिकतं ते खाईन, पण टोचून घेणार नाही, असं त्यानं जाहीर केलं. चार दिवसांत त्याच्या घरचा गूळ संपला आणि तो काळा चहा पिऊन उकंडाला शिव्या देऊ लागला.

अशातच टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या की आफ्रिकेतून नवा विषाणू निघाला आहे. परदेशातून आलेला एकेक माणूस शोधा, असा वरून निरोप सुटला. तालुक्याला कोणी तरी नवा, हौशी कर्मचारी होता. त्यानं कॉम्प्युटरमध्ये आफ्रिकेतल्या देशांची नावं टाकून टाकून पाहिली. मोहखेडीच्या लसीच्या यादीत एक सापडलं. युगांडा. पुरुष, वय एकोणसाठ. त्यानं लगेच ग्रामसेवकाला फोन केला की तुमच्या गावात युगांडाचा माणूस आहे आणि तुम्हाला पत्ता नाही. ग्रामसेवकाच्या हातातला चहा सांडला. त्यानं तडक उकंडाला बोलावून चिठ्ठी दिली.

सकाळभर उकंडा गल्लोगल्ली फिरला. "तमाम नागरिकांना सावधानतेचा इशारा देण्यात येतो की आफ्रिका खंडातील युगांडा येथून आलेला एक इसम आपल्या गावात वावरत आहे. सदर इसमाची माहिती असल्यास तात्काळ ग्रामपंचायतीत कळवावे." एवढंच चिठ्ठीत होतं. पण उकंडाला खरंच राग आला होता. इतकी वर्षं घसा फोडून सांगतो आहे, आणि हा कोण कुठला येऊन लपून बसतो. त्यानं आपल्या पदरचं जोडलं. "अशा बेजबाबदार माणसाला लाज वाटली पाहिजे. ज्या घरानं त्याला आसरा दिला, त्या घरालाही लाज वाटली पाहिजे."

गावात धांदल उडाली. किराणा दुकानाचं शटर पडलं. सुखीबाईला वाटलं, युगांडा हा नव्या तापाचा प्रकार आहे. तिनं दाराला निंबाचा डहाळा बांधला. एकजण म्हणाला, मी त्या माणसाला काल विहिरीवर पाहिलं. दुसरा म्हणाला, माझ्याशी तो बोलला सुद्धा, मराठी चांगलं बोलतो. तांड्याच्या तोंडाशी बैलगाडी आडवी लागली. आणि लसीच्या नावानं बोटं मोडणारा भावसिंग कोणाला न सांगता शाळेत जाऊन बाही वर करून बसला. त्याच्यामागे आणखी लोक आले. इतके, की नर्सबाईंना जेवायला उठता येईना.

इकडे तो हौशी कर्मचारी सर्टिफिकेटवरच्या नंबरावर फोन लावत होता. तुळसाबाईचा फोन ज्वारीच्या डब्यात असायचा. दळणासाठी डबा उघडला तेव्हा तो वाजत होता. समोरून विचारलं, युगांडा आहेत का घरी? तिला आपल्या नवऱ्याचं नाव ऐकू आलं. शहरी माणूस जरा वेडंवाकडं बोलतो, एवढंच तिला वाटलं.

"मी त्याइची बायको बोलतो. ते नाई घरी," ती म्हणाली.

ते कुठे गेले आहेत, असं विचारल्यावर तिनं सांगितलं की सकाळपासून गावात फिरून राह्यले. कोणाकोणाला भेटले?

"साऱ्याइलेच. एक घर सोडत नाई ते. उद्या ढाणकीच्या बाजारात जातीन."

पलीकडून कोणी तरी रुग्णवाहिका काढा म्हणून ओरडलं. मग फोन कट झाला आणि तुळसाबाईनं तो परत ज्वारीत ठेवला.

दुपारी रुग्णवाहिका आली. आत डॉक्टर मॅडम, दोन कर्मचारी, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. चौकात उकंडाचा ऑटो उभा होता. त्यांनी त्यालाच विचारलं, वॉर्ड नंबर तीन कुठे आहे? उकंडाला कळलं, तो इसम आपल्याच वॉर्डात सापडला. त्यानं माईक उचलला, ऑटो पुढे घातला आणि "रस्ता मोकळा करावा, आरोग्य पथक येत आहे" असं पुकारत रुग्णवाहिकेला घेऊन निघाला. मागून सुरक्षित अंतर ठेवून अर्धं गाव. आपल्या हातून आज काही तरी मोठं होतं आहे, असं त्याला वाटत होतं. बुद्धविहारापासून वळला, पाण्याच्या टाकीपासून वळला. मग मागून हॉर्न वाजला, हेच घर, थांबा.

उकंडा खाली उतरला आणि घराकडे पाहतच राहिला. दार त्याचंच होतं. उंबऱ्यात तुळसाबाई तांदूळ निवडत होती.

"कोन्ले घेतलं वं घरात?" त्यानं विचारलं.  माईक हातातच होता आणि चालूही होता, त्यामुळे हा सवाल साऱ्या गावानं ऐकला.

तुळसाबाईनं सूप खाली ठेवलं. "लग्न झाल्यापासून तुमालेच घेऊन राह्यली," ती म्हणाली. "आनखी कोन येते इकडे?"

डॉक्टर मॅडमनी कागद काढून नाव वाचलं. युगांडा किसन पाईकराव. गर्दीत कोणाला काही समजेना. संगीता ऑटोजवळ गेली, काचेवरचं सर्टिफिकेट वाचलं, आणि मास्कमधल्या मास्कमध्ये हसू दाबत मॅडमना तिकडे बोलावलं. मॅडमनी नाव वाचलं, उकंडाकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं. तुम्ही कधी परदेशात गेलात का, असं त्यांनी तरीही विचारलं, कारण विचारणं भाग होतं. उकंडानं आठवून सांगितलं की एकदा नांदेडला गेलतो.

घोटाळा मॅडमना कळला, पण तो एवढ्यानं मिटत नव्हता. वर कळवून झालं होतं. वरून त्याच्याही वर गेलं होतं. आता नाकातला नमुना तपासून येईपर्यंत उकंडानं घरातच राहायचं, असं ठरलं. दारावर कागद चिकटला. आणि गावातली घबराट मिटवायची, तर खरी हकीकत पुकारायला हवी होती. पुकारणारा माणूस एकच, आणि तो कोंडलेला. ग्रामसेवक डोकं धरून बसला. संगीता म्हणाली, काका अंगणात बसून पुकारतील, भोंगे तेवढे लांबून ऐकू येतात.

उकंडा माईक घेऊन खाटेवर बसला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांची नावं पुकारली होती. स्वतःचं नाव भोंग्यातून कधी गेलं नव्हतं. त्याला कसंनुसंच झालं. "तमाम नागरिकांना," त्यानं सुरुवात केली आणि अडला. पुस्तकातले शब्द आले नाहीत. मग तो घरी बोलायचा तसाच बोलला. "आयका बापा. तो युगांडा म्हंजे मीच होय. मी उकंडा. मशिननं चुकीचं लिवलं. सकाळी मी माह्यीच लाज काढली, ते तेवढं मनावर घेऊ नका."

पाण्याच्या टाकीकडून हसण्याचा आवाज आला तो संध्याकाळपर्यंत थांबलाच नाही. तुळसाबाईनं त्याच्यापुढे चहा ठेवला. आज तुम्ही नीट बोलले, एवढंच ती म्हणाली. त्याला ते बरं वाटलं.

आठवडाभर तो घरात होता. लोक कुडापाशी येऊन बोलून जायचे. भावसिंग रोज यायचा, दंड दुखतो म्हणून तक्रार करायचा आणि तुळसाबाईकडून गुळाचा चहा घेऊन जायचा. तपासणीत काही निघालं नाही. सर्टिफिकेटची दुरुस्ती मात्र बरीच रेंगाळली. ती येईपर्यंत सगळे निर्बंधच उठले. दुरुस्त होऊन आलं त्यात नाव अगदी बरोबर होतं, फक्त पुरुषाच्या जागी स्त्री असं लिहिलं होतं. तुळसाबाईनं ते घडी करून पेटीत टाकलं आणि पुन्हा दुरुस्तीला पाठवू दिलं नाही.

आठवडा संपून बाहेर पडला त्या दिवशी उकंडाला पहिलं काम भावसिंगनंच दिलं. म्हैस हरवली होती. दिवसभर पुकारून घसा बसला, तरी पत्ता लागला नाही. शेवटी संगीता शाळेत लसीची वही आणायला गेली, तर "विलगीकरण कक्ष, प्रवेश बंद" अशी पाटी असलेल्या मागच्या खोलीत म्हैस पंख्याखाली निवांत रवंथ करत बसली होती. बाहेर काढायला पाच माणसं लागली.