कागदाची दुसरी बाजू

बुरुलकान एजेचा हात हलका; एजे म्हणजे आमच्याकडं थोरली ताई. नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की तो औषध घेऊन थेट एजेच्या दारात यायचा. पण खोक्यातला कागद मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ती सुईला हात लावत नसे. कागदाच्या एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला किरगिझ. एजे किरगिझच वाचायची.

"आपल्या भाषेत छापलंय ना? मग परक्यांच्या तोंडाकडं कशाला बघू?" असं म्हणून ती मला डिवचायची, कारण मी शाळेत रशियन शिकवायचे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला, सगिनला, लघवीचा त्रास होऊन ताप चढला. तिनंच दहा दिवस सुया टोचल्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, कानात चहाचा सामोवर उकळल्यागत वाजतंय." एजेनं कागद पुन्हा वाचला. कानाबद्दल एक अक्षर नव्हतं. "वारा लागला असेल, टोपी खाली ओढ," ती म्हणाली आणि सुई भरली. दहाव्या दिवशी दारातला कुत्रा भुंकलेलाही त्याला ऐकू येईना.

तेव्हा ती माझ्याकडं आली. "पलीकडची बाजू वाच."

मी वाचली. कानात आवाज येऊ लागल्यास औषध ताबडतोब थांबवा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास देऊ नका. रशियनमध्ये सतरा ओळींचे इशारे होते, किरगिझमध्ये चार. मेल्यांनी जागा वाचवली होती. खाली हे औषध परदेशातून आणून विकणाऱ्याचं नाव होतं दूरोनबेक, आमच्याच गावचा, आता राजधानीत बंगला बांधून राहिलेला.

एजे रडली नाही. "सगळं आपल्या भाषेत लिहून दे. एक ओळ गाळलीस तर तुझंही तोंड बघणार नाही."

जूनमध्ये दूरोनबेकनं आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाची जेवणावळ गावातच घातली. तीन घोडे कापले. एकेक पाहुणा माइक घेऊन आशीर्वाद देत होता. एजेला बघून दूरोनबेक स्वतः माइक घेऊन धावला. "आमच्या आईलाही हिनंच टोचलंय हो! एजे, दोन शब्द बोला."

"लिहून आणलेत," एजे म्हणाली. "दोन नाहीत, सतरा ओळी आहेत."

आणि ती वाचत सुटली. पाचव्या ओळीला दूरोनबेकचा चेहरा उतरला. "गाणं लावा रे!" तो ओरडला.

"गप!" म्हातारा असानाली गरजला. "थोरल्यांचं बोलणं तोडायला शहरात शिकलास होय?"

तिनं सतरावी ओळ संपवली. दूरोनबेक तिच्या कानाशी पुटपुटला, "एजे, कागद लहान होता हो."

ती माइकमध्येच बोलली, "लहान होता? मग तुझं नाव दोन्हीकडं कसं मावलं रे?"

तिनं कागद त्याच्या ताटात ठेवला आणि हात उचलले. आशीर्वाद देताना तळवे आपल्या तोंडाकडं धरतात. एजेनं ते बाहेर वळवले. "तुझ्या म्हातारपणी तू हाका मारशील दूरोनबेक, आणि ऐकणारं कुणी नसेल."

सगिन माझ्या शेजारी बसला होता. यातला एक शब्दही त्याला ऐकू गेला नव्हता. त्यानं बायकोच्या हातांकडं नीट पाहिलं आणि आपलेही तळवे बाहेर वळवले.

मग मीही वळवले.